देवाजी मास्तर आणि दोनशे रुपयांची फी

देवाजी नंदेश्वरांना नागपूरच्या इंदोऱ्यात सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीपर्यंतच आलेला. ते बँडमास्तर. नवजागृती ब्रास बँड, माणसं बारा, गणवेश लाल, कॉलरला पिवळी पट्टी. क्लॅरिनेट मास्तर स्वतः वाजवत, आणि वाजवताना डोळे मिटत नसत. मागच्या रांगेत कोण चुकलं ते त्यांना बघायचं असे.

त्यांच्या वडिलांकडे गावकीचं वाजवणं होतं. मौद्याकडच्या त्यांच्या गावात लग्न असो की मयत, बोलावणं आलं की डफ घेऊन निघायचं आणि देणाऱ्याच्या मनात येईल तेवढं सुपातलं धान्य पदरात घ्यायचं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन वडील गावी परतले आणि त्यांनी डफ जो खाली ठेवला तो पुन्हा हातात धरला नाही. देवाजी तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांना वाजवणंही सोडवत नव्हतं आणि सुपापुढे उभंही राहायचं नव्हतं. ते नागपूरला आले, गिरणीत बदलीवर लागले, आणि कामठीला एका म्हाताऱ्या पलटणीतल्या बँडवाल्याकडे तीन वर्षं क्लॅरिनेट शिकले. नोटेशन लिहायला शिकले. त्रेसष्ट साली स्वतःचा बँड उभा केला तेव्हा एकच नियम केला. बिदागी आधी ठरायची, इसार आधी घ्यायचा, आणि उरलेले पैसे वरात दारात पोचल्यावर रोख.

पैशाची वाटणीही ठरलेली. मिळालेल्या बिदागीचे सोळा वाटे पडत. मास्तरांचे दोन. बाजाचे दोन, म्हणजे वाद्यं आणि गणवेश मास्तरांच्या मालकीचे, त्यांच्या देखभालीचे. तेही मास्तरांकडेच जात. बेसचा मोठा भोंगा वाजवणारा गोविंदा आणि ट्रंपेटवाला, या दोघांना दीड दीड. बाकीच्या नऊ जणांना एकेक. लग्न आटोपलं की कुठल्याशा झाडाखाली मास्तर आपला लाल कोट उलटा पसरत, त्यावर पैसे ओतत आणि सगळ्यांच्या देखत वाटे घालत. कागद नाही, सही नाही. ज्यांच्याबरोबर एका भाकरीवर बसायचं त्यांच्याकडून पावती मागायची, हे मास्तरांच्या स्वप्नातही आलं नसतं. एका वहीत ते तारीख, गाव आणि ठरलेली बिदागी तेवढी लिहीत.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात गोविंदाच्या भोंग्याने दगा दिला. तीन ठिकाणी डाग देऊन झाला होता, चौथ्या ठिकाणी पत्राच फाटला. मेरठहून नवा मागवायचा तर अठराशे रुपये. बँका सरकारी झाल्यापासून छोट्या धंद्याला कर्ज देतात असं मास्तरांनी ऐकलं होतं. ते बँकेत गेले. मॅनेजर सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली आणि उत्पन्नाचा काही कागद आहे का विचारलं. इन्कमटॅक्सचं विवरण भरलेलं असेल तर फारच चांगलं, म्हणाले.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक अर्ज लिहिणारा बसे. तो इन्कमटॅक्सचाही फॉर्म भरून देई, दोन रुपयांत. वर्षाला किती मिळतात, त्याने विचारलं. मास्तरांनी वही काढली. मागच्या एप्रिलपासून या मार्चपर्यंत साठ सुपाऱ्या, म्हणजे वाजवण्याची ठरलेली साठ कामं, एकूण एकोणीस हजार दोनशे. अर्ज लिहिणाऱ्याने मान वर करून पाहिलं आणि खर्च विचारला. मास्तर अडखळले. पोरांचे वाटे होते, पण वाटेकऱ्याला खर्च कसं म्हणायचं? ते काय मजूर होते? मास्तर म्हणाले, खर्च काही नाही. अर्ज लिहिणाऱ्याने उत्पन्नाच्या रकान्यात एकोणीस हजार दोनशे लिहिले, मास्तरांनी झोकात सही केली आणि कागद आयकर कचेरीत देऊन आले. घरी येऊन त्यांनी तो आकडा बायकोला, बायजाबाईंना, दोनदा सांगितला.

बँकेने त्या कागदाची प्रत ठेवून घेतली आणि बघू म्हणाली. पुढच्या मार्चमध्ये आयकर कचेरीची नोटीस आली.

नोटीस इंग्रजीत होती. ज्या दुकानातून मास्तर गणवेशाचं कापड घेत त्या दुकानदाराने ती पाहिली आणि महाल भागात बडकस चौकाजवळ महादेवराव पोहनकरांकडे जायला सांगितलं. महादेवराव छोट्या दुकानदारांची इन्कमटॅक्सची कामं करीत. जिना चढून वर एक खोली, दोन टेबलं, एक टाइपरायटर. महादेवरावांनी नोटीस वाचली आणि नाकावरचा चष्मा काढून ठेवला.

“मास्तर, एकोणीस हजारांवर खर्च शून्य दाखवलात. पाच हजारांपर्यंत कर नाही, त्यावर आहे. सात मेला हिशेब घेऊन या म्हणतात. हिशेब नसेल तर सरचार्ज धरून सव्वीसशे त्रेसष्ट रुपये भरा.”

मास्तरांनी मनात हिशेब केला. सव्वीसशे म्हणजे सगळी वाद्यं, ढोलासकट, विकली तरी येणार नाहीत. आणि वाद्यं गेली की बँड गेला, बारा घरांचं वरचं उत्पन्न गेलं. त्यांनी तिथल्या तिथे वाट्यांची सगळी रीत सांगितली. महादेवरावांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारत एका कागदावर टिपून घेतलं. मग फी सांगितली. दोनशे रुपये. शंभर आज, शंभर निकाल लागल्यावर, आणि निकाल उलटा लागला तरी ते द्यायचेच.

“दोनशे?” मास्तर म्हणाले. “कागद लिवाचे दोनशे? त्या लिंबाखालच्यानं तर दोन रुपयात लिवून देल्ला.”

“आणि तो दोन रुपयांचा कागद आता तुम्हाला सव्वीसशेला पडतोय.”

मास्तर उठले नाहीत. घासाघीस कशी करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दहा वर्षं ती त्यांच्याशीच होत आली होती. ते म्हणाले, पाऊणशे घ्या. महादेवरावांनी उलट विचारलं, तुम्ही एका लग्नाचे किती घेता? मास्तरांनी सांगितलं, सरासरी तीनशे वीस.

“किती वेळ वाजवता?”

“तीन तास धरा.”

“तीन तास फुंकायचे तीनशे वीस?”

मास्तर एकदम तापले. तीन तास कसले, म्हणाले. तीन वर्षं कामठीला पायी जाऊन शिकलो ते कुठं गेलं? रोज सकाळची तालीम कुठं गेली? ओठ फुटतात, उन्हाळ्यात पितळ तापून बोटं भाजतात, नवं गाणं आठ दिवसांत बारा जणांच्या बोटांत बसवावं लागतं. ते मोजा की. बोलता बोलता मास्तरांचा आवाज इतका चढला की टाइपरायटरवरचा कारकून थांबला. महादेवराव मात्र पेनाचं टोपण लावत शांतपणे ऐकत होते.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “लोक तीन तासच मोजतात.”

विचार करून येतो, असं सांगून मास्तर जिना उतरले.

विचार म्हणजे दुसरा भाव काढणं. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर अशा कामांचा एक माणूस बसतो असं त्यांना कळलं. त्याने पन्नास सांगितले. करायचं काय, तर नवा कागद द्यायचा. आधीचा आकडा चुकून पडला, खरी कमाई साडेचार हजार, असं लिहून मोकळं व्हायचं. मास्तरांनी विचारलं, साहेबांनी पुरावा मागितला तर? तो म्हणाला, ते तुम्ही बघा. साहेबांपुढे तुम्ही येणार का? तो हसला आणि म्हणाला, पन्नासात मी साहेबांपुढे कशाला येऊ? मास्तरांनी स्वतःच्या चहाचे पैसे दिले आणि सायकल काढली.

घरी बायजाबाई तांदूळ निवडत होत्या. मास्तरांनी दोन्ही भाव सांगितले आणि दोनशे फार होतात, असा निकालही दिला. बायजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“लग्नवाले पाच-दहा रुपयासाठी घासाघीस करतात, तवा तुमी दोन दोन दिवस घरात त्याईले शिव्या घालता. आन् आज त्या माणसाच्या दारात बसून तुमी काय करून राहिले होते?”

“माह्यी गोष्ट येगळी हाय.”

“काहून येगळी?”

बायजाबाई आत गेल्या, बाजाच्या वाट्याचा डबा घेऊन आल्या आणि त्यातून शंभर रुपये मोजून त्यांनी मास्तरांच्या खिशात घातले. भोंग्यासाठी साठवलेल्यांतलेच होते ते.

महादेवरावांनी शंभराची पावती फाडली आणि पुढचं काम सांगितलं. ते ऐकून मास्तरांना वाटलं, पैसे देणं त्यामानाने सोपं होतं. वाट्यांचा कागद नाही, सह्या नाहीत, तेव्हा उरला एकच पुरावा. अकराच्या अकरा माणसांनी कचेरीत येऊन आपापल्या तोंडाने सांगायचं, आम्हाला इतके मिळाले.

म्हणजे पोरांना सगळं सांगायला हवं होतं. त्यांच्या घामाचे पैसे मास्तरांनी सरकारी कागदावर स्वतःच्या नावाने लिहून टाकले होते, हेसुद्धा.

रविवारी सकाळी विहारामागच्या पटांगणात तालीम असे. मास्तरांनी त्या दिवशी क्लॅरिनेट पिशवीतून काढलंच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. सगळ्यांत आधी ढोलवाला लहानू बोलला. साठीचा माणूस, बँडात सर्वांत जुना, त्याला मास्तरांचा धाक नव्हता.

“म्हंजे माही कमाई बी तुमच्याच नावानं? बरं झालं. आता बुढीनं साडी मागतली का तुमच्याच घरी धाडतो तिले.”

दोघे तिघे हसले, पण गोविंदा हसला नाही. गोविंदा तापट होता, आणि त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की कचेरीत नाव सांगितलं म्हणजे उद्या आपल्यालाही टॅक्स लागणार. बाकीच्यांनाही हीच धास्ती वाटत होती. दोघांनी तर सात मेला गावी जायचं असल्याचं लगेच सांगूनही टाकलं.

महादेवराव सायकलवरून आले ते याच वेळेला. मास्तरांनी त्यांना बोलावलं नव्हतं, पण माणसं तयार होतात की नाही हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पायजम्याला लावलेला चिमटा काढत त्यांनी सगळ्यांची भीती ऐकून घेतली. मग लहानूला विचारलं, वर्षाला किती पडतात तुम्हाला? लहानू म्हणाला, बाराशेच्या आसपास.

“पाच हजारांच्या वर मिळाले तर सरकार विचारतं. अजून अडतीसशे कमवा. ज्या दिवशी कमवाल त्या दिवशी मी पेढे घेऊन येतो, आणि फी पण घेतो.”

आता बरेच जण हसले. पण गोविंदाची दुसरी गोष्ट बाकी होती. ती महादेवरावांनी सोडवण्यासारखी नव्हती. त्याने सरळ मास्तरांकडे पाहिलं.

“पैसे कोटावर ओतून वाटता, मंग लिवताना आपल्याच नावावर काहून लिवले?”

मास्तरांनी वडिलांच्या डफाची गोष्ट सांगितली. ती बँडात कुणाला माहीत नव्हती असं नाही. अकरा जणांपैकी सहा जणांच्या घरी तीच गोष्ट होती. पण मास्तरांच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. माह्या बापाले सुपात मोजलं, ते म्हणाले. मले एकदा सरकारी कागदावर नंदेश्वर नावापुढं एकोणीस हजार लिवलेले पाह्याचे होते. बस, इतलंच. चूक झाली.

गोविंदाने भोंग्याच्या फाटलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

“मंग आमाले सांगाचं होतं ना गा,” तो म्हणाला. “आमी बी आलो असतो पाह्याले.”

सात मेला सोमवार होता, आणि दाट लग्नतिथीही होती. संध्याकाळी कळमेश्वरला वरात वाजवायची, तीनची एसटी गाठायची. म्हणून बाराच्या बारा जण सकाळी अकरा वाजता लाल गणवेशातच कचेरीत पोचले, वाद्यं खांद्यावर घेऊन. शिपायाने त्यांना आत सोडायच्या आधी ढोल व्हरांड्यात ठेवायला लावला. कारकुनांनी फायलींवरून माना वर केल्या. मास्तरांना वाटलं होतं लाज वाटेल. पण पोरांनी बूट पॉलिश करून आणले होते हे दिसलं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

साहेब तरुण होते, उत्तरेकडचे, बोलायला नरम पण नजर बारीक. महादेवरावांनी टाइप केलेला तक्ता पुढे ठेवला. साठ सुपाऱ्या, प्रत्येकीची बिदागी, सोळाने भागून एका वाट्याची रक्कम, आणि कुणाला किती. साहेबांनी तो नीट वाचला, बाहेर बाकावर बसलेल्या लाल रांगेकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, “वकील साहब, ग्यारह आदमी ग्यारह बार वही बोलेंगे जो इन्होंने सिखाया है.”

महादेवराव म्हणाले, तारीख तुम्ही निवडा. एकेकाला आत बोलवा, बाकीचे बाहेर राहतील, आणि ज्याचं सांगून झालं तो आतच थांबेल. आम्ही दोघं तोंड उघडणार नाही.

साहेबांना हे पटलं. त्यांनी मास्तरांची वही मागून घेतली, पानं उलटली आणि मधल्याच एका ओळीवर पेन्सिल टेकवली. रामटेक, फेब्रुवारी बहात्तर, बिदागी चारशे. तक्त्यात त्यापुढे एका वाट्याचे पंचवीस रुपये होते, दीड वाट्याचे साडेसदतीस.

पहिला गोविंदा आला. रामटेकच्या लग्नाचे तुला किती मिळाले?

“तेहतीस.”

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. दुसरा आला, तो म्हणाला बावीस. तिसरा, बावीस. चौथा छताकडे बघून थोडा आठवत राहिला आणि म्हणाला, बावीस. चारशे भागिले सोळा पंचवीस, हे मास्तरांनीच महादेवरावांना सांगितलं होतं. हे बावीस कुठून आले? त्यांनी तिरप्या नजरेने महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोघांनी तोंड उघडायचं नाही असा शब्द दिलेला. पाचवा, बावीस. सहावा, बावीस. ट्रंपेटवाला तेहतीस. मग पुन्हा बावीस, बावीस, बावीस. साहेबांची पेन्सिल दर वेळी तक्त्यातल्या पंचवीसवर थांबे. मास्तरांच्या डोळ्यांपुढे वाद्यांची रांग एकेक करून कमी होत गेली.

शेवटी लहानू. तोही म्हणाला बावीस.

“पच्चीस क्यों नहीं?” साहेबांनी विचारलं.

लहानूला या प्रश्नाचा रागच आला. बाहेर दीड तास बाकावर बसून त्याची कंबर धरली होती.

“पंचवीस कसे होतीन, साहेब? ढोल फुटला ना.”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि नीट सांगायला सांगितलं. लहानूने सांगितलं, आणि सांगताना तो जणू रामटेकलाच जाऊन पोचला. नवरीच्या बापाने न्यायला ट्रॅक्टर पाठवला होता. उतारावर ढोल ट्रॉलीतून घरंगळला, दगडावर आपटला आणि एका बाजूचं कातडं फाटलं. लहानूने अख्खी वरात एकाच बाजूने वाजवली, कुणाला कळलंसुद्धा नाही. परत जायला मात्र त्या माणसाने गाडी दिली नाही. अठरा रुपये देऊन ट्रक केला, बारा जण रेतीवर बसून आले. नव्या कातड्याचे तीस. त्या कामात बँडाचा झालेला खर्च, मोडतोडीसकट, वाटे घालायच्या आधीच वरून काढायचा, ही रीत. मग राहिले त्याचे वाटे. जेवणात वांग्याची भाजी होती, खारट होती, हेही त्याने सांगितलं.

साहेबांनी कागदाच्या कडेला आकडे मांडले. चारशेतून अठ्ठेचाळीस गेले, तीनशे बावन्न. भागिले सोळा. बावीस. दीडपट तेहतीस. त्यांनी ते आकडे दोनदा अधोरेखित केले आणि मग पहिल्यांदाच मास्तरांकडे वळून पाहिलं.

“आप भूल गए थे?”

मास्तरांनी कबूल केलं. वहीत ते बिदागी तेवढी लिहीत. वरून काय काढलं ते कधीच लिहीत नसत.

“सिखाके लाए होते, तो सब पच्चीस बोलते,” साहेब म्हणाले.

महादेवरावांनी इतका वेळ कॅलेंडरावर रोखलेली नजर काढली, हातरुमालाने कपाळ पुसलं आणि लगेच पुढचं काम सुरू केलं. अकरा जणांचे जबाब आत्ताच लिहून घ्यावेत, अशी विनंती केली. वरून काढलेले खर्च धरले तर तक्त्यातलं मास्तरांचं उत्पन्न कमीच होईल, जास्त होणार नाही, हे नोंदवायला लावलं. गणवेशाची धुलाई, वाद्यांचं तेल, डाग देण्याची मजुरी यांच्या जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या एकेक करून पुढे ठेवल्या. साहेबांनी आणखी दोन तारखा तपासल्या. दोन्ही जुळल्या, एका लग्नात तर नवरदेव घोड्यावरून पडल्याची नोंदही जबाबात जाता जाता होऊन गेली. सात जणांनी सही केली, चौघांनी अंगठा दिला. पावणेतीन वाजले होते. व्हरांड्यातला ढोल उचलून सगळे एसटीकडे पळाले, आणि कळमेश्वरच्या वरातीत त्या संध्याकाळी जे वाजलं ते ऐकून वधूपित्याने ठरलेल्यावर अकरा रुपये जास्त दिले.

निकालाचा कागद जूनमध्ये आला. महादेवरावांनी तो मास्तरांना वाचून दाखवला. वाटेकऱ्यांना दिलेली रक्कम मान्य. इतर खर्च मान्य. देवाजी नंदेश्वर यांचं वर्षाचं उत्पन्न तीन हजार नऊशे बारा रुपये. कर शून्य. मास्तरांनी त्यांना तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

राहिलेले शंभर द्यायला मास्तर निघाले तेव्हा गोविंदा आणि लहानू वाटेत आडवे आले. दोनशेच्या दोनशे वरून काढा, असं त्यांचं म्हणणं. बँडाचा खर्च तो बँडाचाच. मास्तर म्हणाले, चूक माझी, फी माझी. बराच वाद झाला आणि शेवटी निम्म्यावर तोडगा निघाला. आधी दिलेले शंभर मास्तरांचे, हे शंभर वरून. महादेवरावांनी पावती बँडाच्या नावाने फाडली. मग मास्तरांनीच पुढच्या वर्षाचं विचारलं. महादेवराव म्हणाले, आता वही नीट ठेवायची, कुणाला किती दिले ते लिहून समोर सही घ्यायची; मी दर तीन महिन्यांनी बघेन, विवरण भरेन, वर्षाचे एकशेवीस घेईन. मास्तरांनी एकशेवीसला लगेच होकार दिला. टाइपरायटरवरचा कारकून पुन्हा थांबला. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्या खोलीत सहसा येत नसे.

बँकेच्या मॅनेजरांनी निकालाचा कागद उलटसुलट पाहिला. मागच्या वेळी एकोणीस हजार होते, आता चारसुद्धा नाहीत, ते म्हणाले.

“ते आमी बारा जणाईचे होते,” मास्तर म्हणाले. “हे माह्ये हायेत.”

मॅनेजर म्हणाले, जुन्या कागदावर मला काही करता येत नव्हतं. ज्याला काहीच खर्च नाही असा धंदा मी अजून पाहिला नाही. या कागदावर मात्र कचेरीने तपासून शिक्का मारलाय. त्यांनी पंधराशे मंजूर केले. उरलेले तीनशे बाजाच्या डब्यातून निघाले.

मेरठहून पेटी आली ती दसऱ्याच्या आठ दिवस आधी. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ती सोडवायला मास्तर एकटेच जाणार होते, पण अकराही जण आले, वाद्यं घेऊन. खिळे उपटले, पेंढा काढला. भोंगा इतका लखलखीत होता की गोविंदाला त्यात आपलं तोंड दिसलं, आणि ते बघून तो चक्क लाजला. कागदपत्रांवर सही होईपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला. मग तो बाहेरच्या चौकात आला, छाती भरून घेतली आणि एकच खालचा सूर लावला. हमाल हातगाड्या सोडून वळले. सायकलरिक्षावाल्यांनी ब्रेक दाबले.

तो आता पेटीत परत ठेवायचा नाही, असं गोविंदाने जाहीर केलं. मास्तरांनी क्लॅरिनेट पिशवीतून काढलं, मागे वळून रांग लावली, आणि स्टेशनपासून इंदोऱ्यापर्यंत बारा जण वाजवत निघाले, दुपारच्या उन्हात, साध्या कपड्यांत. रस्त्यातले लोक थांबून बघत होते. कडेच्या एका पानवाल्याने लहानूला ओरडून विचारलं, लग्न कोणाचं हाय गा?

“कोणाचंच नाय,” लहानू ढोलावर टिपरू आपटत म्हणाला. “आज आमी आमच्याच सुपारीवर हाओत.”